चांदोबाचं माप

सिंधूआत्याच्या मापाच्या वहीत एक गिऱ्हाईक असं आहे, ज्याने आजवर एक रुमालसुद्धा शिवून घेतलेला नाही. तरी दर पौर्णिमेला त्याचं माप घेतलं जातं. वहीत त्याचं नाव आहे : श्री. चांदोबा, मु. पो. आभाळ.

सिंधूआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. डिंगोऱ्यात आमच्या शेजारी राहते, ब्लाउज शिवते आणि सगळी आळी तिला आत्या म्हणते. मी जुन्नरला बीएस्सीला आहे. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं कळतं असा लोकांचा समज आहे. खरं तर मला थोडंच कळतं. म्हणून जे पाहिलं, तेवढंच लिहिते.

पौर्णिमेला संध्याकाळी चंद्र समोरच्या डोंगरावर आला की आत्या शिलाई मशीन सोडून अंगणात येते. कपडे वाळवायच्या तारेच्या खांबाला तिने छत्रीची एक काडी बांधली आहे. काडीच्या टोकाला शर्टाचं पांढरं बटण मेणाने चिकटवलेलं. टेपचं एक टोक बटणाशी, दुसरं तिच्या गालाशी. एक डोळा मिटून, गुडघे वाकवून ती उलटी उलटी मागे जाते. बटणाआड चंद्र बरोबर झाकला, कडेला उजेडाची रेघसुद्धा उरली नाही, की ती ओरडते, "हां! थांब तितंच!" जणू चंद्रच हलतोय. मग बटणापासून डोळ्यापर्यंत किती इंच, ते वहीत. या उलट्या चालण्यात ती दोनदा म्हशीच्या गव्हाणीत बसली आहे. दोन्ही वेळा टेप सोडला नाही.

माप झालं की उजेडाची परीक्षा. गोधडीची सुई घेऊन ती चांदण्यात दोरा ओवते. मोठ्या चंद्राला पहिल्या झटक्यात, बारक्या चंद्राला तीन-चारदा थुंकी लावून. तेही वहीत : "दोरा एका दमात." पावसाळ्यातल्या ढगाळ पौर्णिमांसमोर एकच शेरा : "गिऱ्हाईक आलं न्हाई."

एकदा पलीकडच्या घरातले किसनभाऊ म्हणाले, "आत्या, माप कशाला? उगवताना परातीएवढा असतोय आन वर गेला की वाटीएवढा. दिसतंय की डोळ्याला!"

"डोळ्याला तर तुमीबी हिरो दिसता राव," आत्या म्हणाली. "बसा हितं दोन तास."

त्यांना खरंच बसवलं. उगवताना सेहेचाळीस इंच, दोन तासांनी चंद्र वर चढल्यावरही सेहेचाळीस. किसनभाऊंनी स्वतः डोळा लावून पाहिलं, टेप उलटासुलटा करून पाहिला आणि घरी गेले. डोंगरावरचा चंद्र मोठा भासतो, पण ती आपल्या नजरेची चूक असते, हे मला कॉलेजात कळलं. आत्याला आधीच माहीत होतं.

हे सगळं सुरू झालं ते एका भांडणातून. आत्याची धाकटी बहीण विमल पेठ गावाला दिली आहे. तिच्या मुलीच्या लग्नाचा ब्लाउज आत्याने शिवला आणि तो ऐन मांडवात दंडाला अर्धा इंच घट्ट झाला. विमल म्हणाली, शिवण चुकली. आत्या म्हणाली, तू पाठवलेलं माप चुकलं. त्या अर्ध्या इंचावर दोघींचं बोलणं बंद झालं.

मग तीन वर्षांपूर्वी टीव्हीवर "आज का चाँद सबसे बड़ा" असं काहीतरी लागलं आणि पेठहून फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "मोठी मापवाली ना तू? मग सांग, चंद्र किती मोठा हाय?" आत्याने तो टोमणा छातीवर झेलला. रात्रभर विचार करून बटणाची युक्ती काढली आणि एसटीच्या कंडक्टरकडे तसलंच एक बटण पेठला धाडलं. तेव्हापासून नियम ठरला. दोघींनी आपापल्या अंगणात माप घ्यायचं. फोन विमलने करायचा. आधी तिने आकडा सांगायचा, मग आत्याने. म्हणजे कॉपी नको. आकडे झाले की फोन बंद. दुसरा शब्द नाही. दोघी बहिणींत उरलेलं बोलणं ते एवढंच.

यंदा मला प्रकल्प करायचा होता. मी भीतभीतच वही मागितली. घरी नेऊन आकडे मांडले, ठिपके जोडले. आत्याच्या मापांची लाट झाली होती. साडेचव्वेचाळीसपासून चढत चढत पन्नासच्या वर, पुन्हा उतरत साडेचव्वेचाळीस. मी धावत सुटले. "आत्या, बघ, पन्नासला सगळ्यांत मोठा चंद्र!"

"अगं येडे," ती म्हणाली, "नंबर मोठा म्हंजी चंद्र बारका. बारकं झाकायला बटणापासनं लांब जावं लागतंय."

मी कागद उलटा धरला. बरोबर होतं. मग मी माझ्याकडचं थोडं सांगितलं : चंद्राची वाट पुरती गोल नाही, कधी तो आपल्या जवळ असतो, कधी लांब. पौर्णिमा त्या वाटेवर नेमकी कुठे गाठते, ते दर महिन्याला सरकतं. चौदा पौर्णिमांनी ती पुन्हा जवळच्या टोकाला येते. जवळ असला की मोठाही दिसतो आणि उजेडही जास्त.

आत्या मशीनचं चाक हाताने थांबवून ऐकत होती. "म्हंजी गिऱ्हाईक रोडावत न्हाई. लांब हुबं ऱ्हातंय."

इतकं सोपं आमच्या पुस्तकातही नाही.

पण आत्याने वहीत शेजारी लिहून ठेवलेल्या पेठच्या आकड्यांनी मला अडवलं. आधीची दोन वर्षं ते आत्याच्या लाटेबरोबर चालले होते. नंतर मात्र सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. भर श्रावणात, आत्याने "गिऱ्हाईक आलं न्हाई" लिहिलं, त्या दिवशीही पेठला सत्तेचाळीस!

परवाच्या पौर्णिमेला मी आत्याला ते दाखवलं. "पेठचं चुकतंय. आज फोन आला की सांगूया त्यांना."

"सांगशील तर बघ!" आत्या एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. मग आवाज खाली आला. "तिला दिसत न्हाई गं. मोतीबिंदू दोनी डोळ्यांत. तिच्या जावयानं सांगितलं मला. ती कुणाला कबूल करत न्हाई, मला तर मेली तरी करायची न्हाई. आकडा चुकला म्हणलं, तर ती फोन करायचीच बंद हुईल."

"पण आत्या, तुला तर पाव इंचसुद्धा खपत नाही."

"न्हाईच खपत," ती म्हणाली आणि टेप घेऊन अंगणात गेली.

माझ्या लाटेप्रमाणे त्या दिवशी चंद्र जवळ यायला हवा होता. आत्या मागे सरकू लागली, आणि थोडक्यातच थांबली. "हां! साडेचव्वेचाळीस!" दोरा एका दमात. मी आनंदाने उडीच मारली. कागदावरचं आभाळात खरं झालं होतं!

तेवढ्यात फोन वाजला. आत्याने स्पीकर लावला. पलीकडे विमलने घसा साफ केला, आकडा सांगायला. आत्याने तिला बोलूच दिलं नाही.

"माझं साडेचव्वेचाळीस आलं," ती घाईघाईने म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने आधी सांगितलं. "लई मोठा हाय आज. तुझं सांग."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"माझंबी तेवढंच," विमल म्हणाली.

"मग बरोबर हाय," म्हणत आत्याने वहीत लिहिलं. प्रकल्पात मी एकाच अंगणाची मापं घेणार आहे.

आता फोन बंद व्हायचा. पण तो बंद झाला नाही. पलीकडून अगदी बारीक आवाज आला.

"अक्का, कसा दिसतोय गं?"

आत्या खाली ओट्यावर बसली, फोन दोन्ही हातांत धरला, आणि सांगायला लागली.