धुरपदामावशींच्या खोलीत सूर्य

धुरपदामावशींच्या खोलीत मंगळवारी सकाळी दहा वाजता मी मोजणी केली, ती अशी: खिडकी एक, उत्तरेकडे. ट्यूबलाइट एक, अर्धी जांभळी. साड्या चोवीस. टिकल्यांच्या पुड्या दोन, एक मरून आणि एक वाइन. खिडकीपाशी उजेड अडतीस लक्स, माझ्या मोबाइलवर मोजलेला. एवढ्या उजेडात मांजरालासुद्धा उंदराला हाक मारून विचारावं लागेल, बाबा रे, कुठे आहेस!

मावशी मूळच्या शिरपूरकडच्या. बावीस वर्षं सुरतेत, कोसाडच्या आमच्या वसाहतीत, तळमजल्यावर राहतात आणि मार्केटातून येणाऱ्या साड्यांवर टिकल्या चिकटवतात. हात असा, की टिकली स्वतः चालत जाऊन जागेवर बसल्यासारखी वाटावी. अडचण एकच. ट्यूबखाली मरून आणि वाइन जुळ्या बहिणी दिसतात, उन्हात नेल्या की एकमेकींच्या सवती! मागच्या खेपेला अकरा साड्या परत आल्या. शेठ दारात उभं राहून म्हणाला होता, "माजी, आ वखते एक पण साडी पाछी आवी, तो काम बंध!"

साड्या न्यायला टेम्पो संध्याकाळी पाच वाजता येणार होता.

"मावशी, काळजी सोडा," मी म्हणालो. "तुमच्या खोलीत सूर्य आणतो!"

"आन बाबा," मावशी म्हणाल्या. "पन चपला बाहेर काढीसन आन."

मी हे हवेत बोलत नव्हतो. मी एम.एस्सी. फिजिक्स! आदल्याच रविवारी मी चौकात फळा लावून व्याख्यान दिलं होतं : 'अंतराळातले आरसे आणि रात्रीचं सुरत'. पृथ्वीभोवती सहाशे किलोमीटरवर पातळ चंदेरी फिल्मचे आरसे फिरवायचे, आणि सूर्य मावळला तरी त्याचा उजेड हव्या त्या शहरावर पाडायचा. तीसेक वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी असा एक आरसा अंतराळात उघडूनही पाहिला होता. त्याचा पाच किलोमीटरचा उजेड युरोपवरून धावत गेला होता. कोसाड ते अमरोली, एका डागात झाकलं जाईल!

तेव्हा मागच्या रांगेतून लखनने हात वर केला होता. लखन मावशींच्या शेजारच्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहतो. चौघंही कडोदऱ्याला कापडाच्या कारखान्यात लूमवर, रात्री आठ ते सकाळी आठ.

"भाऊ, आन ज्याला झोपायचं त्यानं काय करायचं?"

"पडदा लावायचा! उजेडाला कधी कोणी नाही म्हणतं का?" मी म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या. जयंतकाकांची टाळी सगळ्यात मोठी.

तर आता नमुना उभा करायचा होता. माझे वडील मगनराव जरीच्या कारखान्यात आहेत. त्यांनी सुरकुतलेल्या फिल्मचा एक तुकडा आणून दिला. जरी ज्या चंदेरी फिल्ममधून कातरतात, तीच जातकुळी अंतराळातल्या आरशांची! म्हणजे सुरतेत प्रत्येक नवरी अर्धा उपग्रह नेसूनच मांडवात येते. ती फिल्म मी एक मीटर वीस सेंटिमीटरच्या चौकोनी चौकटीवर ताणली आणि चौकापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर, दोरीने फिरेल अशी, दक्षिणेकडे तोंड करून उभी केली. तिथून मावशींची खिडकी सतरा मीटर.

बरोबर साडेअकराला कवडसा खिडकीतून आत शिरला. अडतीस लक्सचे अकरा हजार झाले! मावशी हात जोडून उभ्या राहिल्या. नमस्कार मला होता की सूर्याला, हे मी मुद्दाम विचारलं नाही.

"हाई मरून, हाई वाइन!" त्या ओरडल्या. "भाऊ, आते फरक दिसस रे!"

आता एकच बारीक काम उरलं. सूर्य सरकतो, म्हणून कवडसाही सरकतो. माझ्या हिशोबाने मिनिटाला सात सेंटिमीटर, पूर्वेकडे. तेव्हा दर पाच मिनिटांनी आरसा किंचित फिरवायला वर कोणीतरी काटेकोर माणूस हवा. जयंतकाका पोस्टातून निवृत्त झालेले, त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे. घड्याळ काढून तयारच होते.

"किती फिरवायचा?"

"एक बोट. उजवीकडे."

"एक बोट, उजवीकडे. सौरभ, पस्तीस वर्षं शिक्के मारलेत मी. एक वाकडा दाखव!"

मी खाली येऊन मोजायला बसलो. पहिली पाच मिनिटं ठीक. मग कवडसा साडीवरून उठून मावशींच्या गुडघ्यावर गेला. मग डब्यांच्या फळीवर. मावशी पाट घेऊन त्याच्या मागे!

"भाऊ, तुन्हा सूर्य पयी राहिना रे!"

"पळणार नाही, मावशी! वर जयंतकाका आहेत!"

तोच घोटाळा होता. मी उजवीकडे म्हणालो, ते चौकाकडे तोंड करून. काका उभे होते आरशाकडे तोंड करून. म्हणजे जेवढं सावरायचं, तेवढंच ते उलट लोटत होते आणि कवडसा दुप्पट वेगाने धावत होता. तेसुद्धा दर पाच मिनिटांनी, सेकंदाचा फरक न करता! मी दारातून दोन्ही हात हलवले. काकांना वाटलं शाबासकी आहे. त्यांनी खुशीत आणखी एक बोट फिरवलं.

कवडसा मावशींच्या खिडकीतून निघाला आणि लखनच्या खिडकीत शिरला.

त्या खिडकीला पडदा म्हणून साडीचा एक तुकडा होता, पातळ, गुलाबी. लखन राहायला आल्यापासून बारा वर्षांत तिथे ऊन आलं नव्हतं, म्हणून जाड पडद्याची गरजच पडली नव्हती. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी त्या खोलीत अशी काही गुलाबी पहाट फुटली, की कोंबडा असता तर लाजला असता!

"उजाडलं!" आतून लखन ओरडला. "अरे उठा! उजाडलं! रात्रपाळी बुडाली!"

धडाधड भांडी पडली. चौघं गंजीफ्रॉकवर बाहेर आले. एकाच्या तोंडात ब्रश, दुसऱ्याच्या दोन्ही पायांत डाव्या चपला.

"लखनभाऊ, थांबा, मोबाइल बघा!" मी म्हणालो.

"बघितला! बारा वाजत आले! म्हणजे दुसऱ्या दिवसाचे बारा! खाडा पडला ना रे चौघांचा!" आणि त्याने सुपरवायझरला फोन लावलासुद्धा. "साहेब, माफ करा, काल रात्री आम्ही आलोच नाही! झोप लागली!"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "रात्री माझ्यासमोर बारा तास लूमवर कोण उभं होतं मग? सकाळी आठला तर गेलास! दुपारीच पिऊन बसलास काय?"

लखन फोनकडे बघत राहिला. मग खिडकीकडे. मग माझ्या हातातल्या मोजपट्टीकडे.

"सौरभ."

"मी समजावून सांगतो. हा नमुना आहे. खरा आरसा सहाशे किलोमीटरवर..."

"इथं झोपून तीन तास झाले नव्हते रे! ही आमची रात्र आहे, रात्र!"

हे मला शास्त्रीयदृष्ट्या एकदम पटलं. रात्रीच्या शहरावर उजेड पाडून बघायचा, तर माणसं झोपलेली हवीत. माझा प्रयोग माझ्या कल्पनेपेक्षा फारच अचूक झाला होता! मी वहीत ते लिहून घ्यायला लागलो, तेवढ्यात लखनने वही काढून घेतली.

"पडदा लावायचा म्हनला होतास ना? हा बघ तुझा पडदा!"

या गडबडीत धुरपदामावशी कुठे गेल्या, हे कोणीच पाहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा त्या लखनच्या गादीवर, त्या गुलाबी पहाटेच्या मधोमध, मांडी घालून बसल्या होत्या. पडदा त्यांनी सरकवला होता. समोर दोन साड्या झालेल्या, बावीस राहिलेल्या.

"मावशी, ही माझी गादी!"

"तू झोप ना बाबा, मी कोठे नही म्हनस? सरक जरासा." मग टिकलीवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "बावीस राहिन्यात. यातली एक परत उनी, ते माले काम नही. मंग मी बी झोपसू, दिवसभर."

लखनचा राग तिथल्या तिथे विरला. त्याने खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या आरशाकडे पाहिलं. मग त्याने मला विचारलं, "सौरभ, सूर्य किती लांब?"

मी खूश झालो. इतक्या गोंधळातही कोणाला तरी कुतूहल आहे! "पंधरा कोटी किलोमीटर."

"आन ती गच्ची?"

"अडुसष्ट पायऱ्या."

"मग त्याला पंधरा कोटींवरनं खाली आनन्यापेक्षा मावशीला अडुसष्ट पायऱ्या वर नेली असती तर?"

याला माझ्याकडे उत्तर होतं: मावशींचे गुडघे! मी ते दिलंही. पण तोपर्यंत ते चौघं प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले होते. मावशी खुर्चीत, मांडीवर टिकल्यांच्या पुड्या, पाठीमागे साड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी.

"धीरे रे!" मावशी प्रत्येक मजल्यावर ओरडत होत्या. "मी काय सूतना बीम शे का लूमवर चढावाले?"

वर जयंतकाका दोरी धरून उभे होते. "झाली का वेळ? एक बोट, उजवीकडे!"

"काका, हात लावू नका!" आम्ही पाचही जण ओरडलो.

गच्चीवर डिसेंबरचं स्वच्छ ऊन होतं. इतकं स्वच्छ, की टिकल्या डोळ्यांत टोचायला लागल्या आणि मावशींनी पदर ओढून घेतला. ऊन नको, नुसता उजेड हवा. पाण्याच्या टाक्या उत्तरेच्या कठड्याला लागून, त्यांची सावली गच्चीबाहेर, झाड नाही, छप्पर नाही. सगळ्या गच्चीवर मधोमध सावली एकच होती. माझ्या आरशाच्या मागे.

लखनने खुर्ची तिथे ठेवली, मावशींना मरून आणि वाइन वेगवेगळ्या हातांत दिल्या आणि झोपायला निघून गेला. दोरी मी घट्ट बांधून टाकली. जयंतकाका दर पाच मिनिटांनी येऊन ती तपासत राहिले.

पाच वाजता टेम्पो आला. शेठचा माणूस एकेक साडी उन्हात धरून बघत होता.

नोंद: आरसा एक मीटर वीस बाय एक मीटर वीस. त्याची सावली दुपारी तीन वाजता: लांबी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर, रुंदी ब्याण्णव सेंटिमीटर. सावलीतला उजेड: नऊ हजार चारशे लक्स. साड्या: चोवीस. परत आलेल्या: शून्य.