मिसेस अ‍ॅस्प्लंड यांच्या चादरीतली सोळावी पुंगळी

शनिवारी सकाळी मिसेस अ‍ॅस्प्लंड यांच्या रायफलमधून उडालेली काडतुसाची एक रिकामी पण चांगलीच तापलेली पुंगळी डेल्मर हॉस्किन्सच्या कॉलरीतून आत शिरली. दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे नाचला असता. पण डेल्मर हा कटलर फ्लॅट गावच्या नेमबाजी क्लबचा अध्यक्ष होता. त्याने आधी आपली बंदूक रिकामी केली, तिचा बोल्ट उघडा ठेवला, तोंड डोंगराकडे करून ती टेबलावर नीट आडवी ठेवली, आणि मग नाचला.

एप्रिलातल्या मोंटानाच्या गार वाऱ्यात त्याने शर्ट बाहेर काढून झटकला. पुंगळी काही सापडली नाही. पडली असेल गवतात, असं म्हणून त्याने पोटावरचा चटका झाकला आणि पुढचा नेम धरला.

बाहेरच्या माणसाला रिकाम्या पितळेचं एवढं काय, असं वाटेल. पण त्याच पुंगळीत पुन्हा दारू आणि गोळी भरून ती पाच-सहा वेळा वापरता येते, आणि कटलर फ्लॅटमध्ये निम्म्या लोकांचा हिवाळा तळघरात हेच करण्यात जातो. साहजिकच नेमबाजी संपली की सगळ्यांच्या नजरा जमिनीवर असत आणि त्यातून भांडणं होत. डेल्मरचं आयुष्य लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजण्यात गेलेलं. आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, याबद्दल त्याला निवृत्तीनंतरही विलक्षण आस्था होती. क्लबच्या भिंतीवरचा फलक त्याने स्वतःच्या हाताने रंगवला होता: ‘आपली पुंगळी आपण उचलावी. शेजाऱ्याची पुंगळी मालकाला विचारल्याशिवाय उचलू नये, हलवू नये, पायाने आपल्याकडे सरकवू नये.’

शेवटचे चार शब्द रॉस्को टिडवेलसाठी मागाहून घातलेले होते.

रॉस्को हा डेल्मरचा शाळेतला सोबती. गेल्या वर्षी शेजारच्या टेबलाखालच्या चार पुंगळ्या उचलताना तो सापडला. कोणाचा पाय घसरू नये म्हणून बाजूला ठेवत होतो, असं त्याचं म्हणणं पडलं. डेल्मरने त्याला दोन महिने क्लबची पायरी बंद केली. तेव्हापासून रॉस्को त्याला ‘अध्यक्षसाहेब’ म्हणत असे, आणि ते डेल्मरला ‘चोरा’पेक्षा जास्त लागत असे.

सोमवारी कपडे धुताना मशीनमध्ये काहीतरी खणखणू लागलं. डेल्मरच्या बायकोने, युनिसने, मशीन थांबवून हात घातला आणि त्याच्या लोकरीच्या लांब चड्डीच्या पायातून एक चकचकीत पुंगळी बाहेर काढली.

“ही तुझी?”

डेल्मरने चष्मा लावला. “नाही. माझ्या बंदुकीची नाही.”

“म्हणजे दुसऱ्याची उचलून आणलीस.”

“आणली नाही. आली.”

कोणाची ते ओळखायला वेळ लागला नाही. क्लबमध्ये तसली पुंगळी लागणारी, स्वीडनहून आलेली जुनी रायफल मिसेस अ‍ॅस्प्लंड यांचीच होती. ती त्यांच्या दिवंगत नवऱ्याची. बाई महिन्याभरापूर्वीच सभासद झाल्या होत्या. युनिसच्या मते फोन उचलावा, तुमची पुंगळी माझ्याकडे आली म्हणावं आणि जेवायला बसावं. डेल्मरही फोनपर्यंत गेला. तिथून परत आला.

“त्या लूथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात,” तो म्हणाला. “कुठे होती म्हणून विचारलं, तर काय सांगू?”

“धुण्यात होती म्हणून सांग.”

“आणि त्याआधी?”

युनिसने याचा विचार केला आणि जेवायला वाढलं.

मग डेल्मरने असा मार्ग काढला, की ज्यात कोणाशी बोलायची गरजच नव्हती. मिसेस अ‍ॅस्प्लंड आपल्या टेबलाशेजारी एक जुनी फुलाफुलांची चादर पसरत, म्हणजे उडालेल्या पुंगळ्या तिच्यावरच पडत. पुढच्या शनिवारी बारा जण निशाण्याचे कागद बदलायला पुढे गेले, तेव्हा डेल्मर बुटाची नाडी बांधायला मागे राहिला. त्या वेळी कोणीही टेबलांपाशी थांबू नये, हा नियमही त्याचाच. नाडी सुटलेली नव्हती. त्याने ती सोडली, बांधली, इकडेतिकडे पाहिलं, मिसेस अ‍ॅस्प्लंड यांच्या चादरीजवळ वाकला आणि खिशातली पुंगळी इतरांमध्ये अलगद सोडली. ती घरंगळत कडेला आली, म्हणून हात लांबवून पुन्हा मध्ये ठेवायला गेला.

“काही हरवलं का, अध्यक्षसाहेब?”

रॉस्को निशाण्याचे कागद ठोकायचं विसरलेलं स्टेपलर न्यायला परतला होता. डेल्मर तसाच वाकलेला राहिला. त्याच्या चिमटीत पुंगळी होती.

“मी उचलत नव्हतो,” तो म्हणाला. “ठेवत होतो.”

“मीही ठेवतच होतो,” रॉस्को शांतपणे म्हणाला. “तेव्हा तू म्हणालास, वाकलेल्या माणसाच्या पाठीवर त्याच्या मनातलं लिहिलेलं नसतं.”

डेल्मरला ते वाक्य आठवलं. त्या वेळी ते त्याला फार आवडलं होतं.

दुपारच्या आत ही गोष्ट सगळ्या क्लबभर झाली. खरं तर लोक हसून सोडून द्यायला तयार होते, दोघांनी तर तसं बोलूनही दाखवलं. पण डेल्मर ऐकेना. रॉस्कोला एक न्याय आणि अध्यक्षाला दुसरा, असं झालं तर तो फलक खाली उतरवावा लागेल, असं तो म्हणाला, आणि बुधवारी संध्याकाळी स्वतःविरुद्ध सभा बोलावली. यालाच आपण हात दाखवून अवलक्षण म्हणतो.

सभेला शनिवारपेक्षा जास्त माणसं आली. कोणीतरी आंबट रूबार्बचं सारण भरलेली गोड पाई भाजून आणली होती, कॉफीची मोठी किटली होती. डेल्मर अध्यक्षाची खुर्ची सोडून समोरच्या बाकावर बसला आणि सेक्रेटरी मर्लने सूत्रं हातात घेतली. मर्लला आयुष्यभराच्या नेमबाजीने कमी ऐकू येत असे, त्यामुळे प्रत्येक साक्ष दोनदा झाली आणि दुसऱ्यांदा ती रस्त्यावरही ऐकू गेली.

रॉस्कोने जे पाहिलं ते सांगितलं, तिखटमीठ न लावता. त्याने तिखटमीठ लावलं असतं तर डेल्मरला बरं वाटलं असतं. मग मिसेस अ‍ॅस्प्लंड उठल्या. त्या हातमोजे घालून आल्या होत्या. खांदा दुखतो म्हणून आपण दर शनिवारी मोजून पंधरा गोळ्या झाडतो, असं त्यांनी सांगितलं. परवाच्या शनिवारी चादर गुंडाळून घरी नेली आणि मोजल्या, तर सोळा भरल्या.

“म्हणजे गेल्या किती?” मर्लने विचारलं.

“गेल्या नाहीत. एक जास्त आली.”

फलकावर पुंगळी ठेवण्याबद्दल काहीच नव्हतं. गुन्हाच नाही म्हटल्यावर पाई कापायला घ्यावी, असं सर्वांचं मत पडत होतं. तेवढ्यात आरोपीच उभा राहिला. सोळावी पुंगळी आदल्या शनिवारची आहे, असं त्याने सांगितलं. ती अख्खा आठवडा आपल्याकडे होती, रॉस्कोकडे त्या चार पुंगळ्या एक मिनिटही नव्हत्या, आणि सभेने हे ध्यानात घ्यावं, असंही तो म्हणाला.

“कुठे होती?” मर्लने विचारलं.

“माझ्या अंगावर आली होती.”

“अंगावर कुठे?”

डेल्मर मिसेस अ‍ॅस्प्लंड यांच्या हातमोज्यांकडे पाहत राहिला. शेवटी मागच्या रांगेतून युनिस उठली.

“त्याच्या लोकरीच्या चड्डीत होती, मर्ल. सोमवारी मशीनमध्ये वाजली.”

“कशात?” मर्ल म्हणाला, आणि युनिसने ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

हसणं ओसरायला बराच वेळ लागला. मिसेस अ‍ॅस्प्लंड यांनी रुमाल तोंडाशी धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. डेल्मरचे कान लाल झाले होते, पण तो खाली बसला नाही. टोपी काढून तो त्यांच्याकडे वळला.

“मॅडम, तुमची वस्तू आठवडाभर तुम्हाला न विचारता माझ्यापाशी राहिली. तुम्ही मला माफ करावं.”

“मी कशी करू?” मिसेस अ‍ॅस्प्लंड म्हणाल्या. “ती माझी नाहीच.”

बाईंनी समजावून सांगितलं. नवऱ्याच्या माघारी त्यांना काडतुसं भरता येईनात. क्लबमध्ये सगळे त्यांच्या चादरीकडे टक लावून बघत, पण फलकाच्या धाकाने म्हणा किंवा मानापायी म्हणा, जवळ कोणी येईना. पहिल्याच शनिवारी फक्त मिस्टर टिडवेल आले, टोपी काढली आणि या पुंगळ्या मला द्याल का, म्हणून विचारलं. बाईंनी सगळ्या देऊन टाकल्या. आता मिस्टर टिडवेल त्या भरतात, थोड्या त्यांना झाडायला आणून देतात आणि रिकाम्या झाल्या की परत नेतात.

“पुंगळ्या त्यांच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “मी नुसती उडवते.”

सगळ्यांनी रॉस्कोकडे पाहिलं. तो कॉफी ढवळत होता.

“आणि तू हे शनिवारपासून बोलला नाहीस?” डेल्मरने विचारलं.

“मला कोणी विचारलं नाही.”

ज्या माणसाला डेल्मरने दोन महिने बाहेर ठेवलं, तो अख्ख्या क्लबमध्ये फलक मनापासून वाचलेला एकटाच निघाला होता, आणि चड्डीत वागवला होता तो त्याचाच माल. मर्लने शिक्षा काय द्यायची म्हणून रॉस्कोला विचारलं, कारण मालक तोच. रॉस्कोने खूप विचार केला. शिक्षा नको, तो म्हणाला. फक्त डेल्मरने फलकावर लिहिलंय तसं आपल्याला रीतसर विचारावं, एवढंच.

मर्लने मिसेस अ‍ॅस्प्लंड यांच्याकडून ती पुंगळी घेऊन टेबलावर उभी केली. डेल्मर पुढे आला. चाळीस वर्षांत त्याने रॉस्कोकडे काही मागितलं नव्हतं. एकदा शिडी लागली होती, तीही त्याने दुसऱ्या गावातून आणली होती.

“रॉस्को,” तो म्हणाला, “ही तुझी पुंगळी. मी घेऊ का?”

रॉस्कोने पुंगळी उचलली, उजेडात धरली, तिचं तोंड कुठे चेपलंय का ते पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “मला लागेल.” आणि खिशात टाकली.

डेल्मरने मान हलवली. रॉस्कोचं उत्तर बरोबर होतं, आणि ते त्याला पटलंही. तो बाकावर येऊन बसला. थोड्या वेळाने रॉस्को पाईच्या दोन बशा घेऊन त्याच्या शेजारी बसला आणि त्यातली मोठ्या तुकड्याची बशी त्याच्याकडे सरकवली.

“घे, डेल्मर,” तो म्हणाला.