अकरा भाषांतली काळजी

साथीचा रोग माणसामाणसांत भेद करत नाही. ही त्याची मोठीच उणीव म्हणायची, कारण मग ते सगळं काम शहराच्या आरोग्य कार्यालयावर येऊन पडतं. या कार्यालयाने मात्र ते अंगावर पडायची वाट पाहिली नाही. पुढे होऊन अंगावर घेतलं.

शहरात बाहेरून आलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं पुष्कळ. कोणी शिवणकाम करतं, कोणी फरशा बसवतं, कोणी लोकांच्या म्हाताऱ्यांची उठबस बघतं. एरवी ती कोणाला दिसत नसत (म्हणजे कामं नीट चालली होती). साथ आली आणि कार्यालयाला ती एकदम दिसू लागली. आता दिसली म्हटल्यावर काहीतरी करणं आलं. म्हणून इमारतीच्या मागे, सायकलींच्या छपराला लागून ‘बहुभाषिक आपुलकी कक्ष’ उघडण्यात आला आणि त्यावर भाऊसाहेबांना बसवण्यात आलं.

भाऊसाहेबांची निवड निव्वळ गुणांवर झाली होती. त्यांना भाषा एकच येई, पण ती ते फार मोठ्याने बोलत. समोरच्याला कळलं नाही की तेच वाक्य आणखी मोठ्याने, तोडून तोडून म्हणत, आणि तरीही कळलं नाही तर ‘ऐकायला कमी’ असा शेरा मारत. माणूस मनाने वाईट नव्हता हो! कोणाचं दुःख पाहिलं की त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी येई. मग ते चष्मा पुसत आणि पुढच्याला बोलावत.

कक्षाचं पहिलं काम म्हणजे भित्तिपत्रक. मजकूर भाऊसाहेबांनी स्वतः लिहिला: ‘काळजी घ्या. काळजी करू नका.’ आपल्या भाषेची काटकसर बघा. जिवाला जपायचं तरी काळजी, आणि जिवाला घोर लावून घ्यायचा तरी काळजीच. आपली त्यात कधी अडचण होत नाही, कारण आपण दोन्ही करत नाही, नुसतं म्हणतो. पण हा मजकूर अकरा भाषांत जायचा होता. भाषांतराचं काम, सर्वांत लवकर देतो म्हणणाऱ्या गृहस्थाला दिलं. त्याने अकराही भाषा एका दुपारी उरकल्या. त्याच्या हातून मजकूर असा उतरला: ‘काळजी घेऊन जा. येथे काळजी केली जात नाही.’ खाली शोभेसाठी कार्यालयाचा पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी ही रांग! कोणी पिशवी आणलेली, कोणी झाकणाचा डबा, कारण काळजी पातळ असते की घट्ट हे भित्तिपत्रकात दिलं नव्हतं.

“साहेब, ह्यांना काळजी पाहिजे म्हणतात,” शिपाई म्हणाला.

“मग द्या की.”

“कुठून देऊ?”

प्रश्न रास्त होता. सामानाच्या खोलीत खडू होते, फिनेल होतं, मोडक्या खुर्च्या होत्या. काळजी नव्हती. पण दारी आलेल्या माणसाला, आणि तेही दुसऱ्या संस्कृतीच्या, रिकाम्या हाताने पाठवायचं? भाऊसाहेबांच्या मनाला ते पटेना. त्यांनी मागच्या भिंतीत खिडकी पाडली, टोकन सुरू केलं, जमिनीवर खडूने गोल काढले आणि प्रत्येकाला एकेक पत्रक, गुंडाळी करून, रबर लावून, दोन्ही हातांनी दिलं. पत्रकात लिहिलं होतं, ‘गर्दी करू नका.’ (ते घ्यायला गर्दी करावी लागे, पण त्याला इलाज नव्हता.) आठवडाभरात काळजीचं वाटप शंभर टक्के झालं. पुढे पुढे तर कार्यालयात औषधालाही काळजी उरली नाही.

या रांगेत एक दिवस शिंपी उभा राहिला. हा भाऊसाहेबांच्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या खालच्या खोलीत राहायचा आणि वर्षानुवर्षं त्यांच्या विजारी कमरेत सैल करत आला होता. त्याची बायको तापाने पडली होती. तिचा खोकला भाऊसाहेबांना जेवताना फरशीतून ऐकू येई, आणि त्यांचा घास अडे. शिंपी पत्रक घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

“साहेब, कालची काळजी दिली तिला,” तो जमेल तसं बोलला. “गुण नाही. दम पुरत नाही. आडवी झाली की गुदमरते.”

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. “ह्यांना दोन द्या,” ते शिपायाला म्हणाले.

आता इमारतीच्या पुढच्या बाजूला एक साधी खिडकी होती. तिथे इस्पितळातल्या खाटांची आणि ऑक्सिजनच्या मशीनची सोय होई. शिंप्याला कोणीतरी ती दाखवली. खिडकीवरच्या बाई तरातरा मागे आल्या, शिंपी त्यांच्या पाठोपाठ.

“भाऊसाहेब, माझ्याकडे मशीन पडून आहे. ह्यांना देऊन टाकते. बाहेरून आलेल्यांना तुमच्या कक्षाची सही लागते, तेवढी द्या.”

“छे छे, असा भेदभाव मी माझ्या कक्षात चालू देणार नाही.”

“ह्यात कसला आलाय भेदभाव?”

“अहो, तुम्ही ह्यांना सगळ्यांसारखं वागवताय! ह्यांची वेगळी भाषा आहे, वेगळी संस्कृती आहे. ह्यांच्यासाठी वेगळी खिडकी आहे. पुढच्या खिडकीतून दिलं तर ह्यांच्या मनाला काय वाटेल?”

दोघांनीही शिंप्याकडे पाहिलं. शिंपी पुढे, मशीन होतं त्या दिशेला पाहत होता.

“तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?” बाई म्हणाल्या. “बाई मरेल ती!”

भाऊसाहेब हलले. खरंच हलले. मशीन मागच्या खिडकीतूनच द्यायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. त्यासाठी ते उचलून मागे आणण्यात आलं आणि भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारी ठेवण्यात आलं. राहिली होती एकच गोष्ट. मशीनबरोबरच्या सूचना शिंप्याच्या भाषेत नव्हत्या. परक्या भाषेतलं मशीन घरी पाठवणं म्हणजे त्या माऊलीचा अपमानच की! सूचना तातडीने त्याच गृहस्थाकडे गेल्या आणि तातडीने परत आल्या. भाऊसाहेबांनी त्या कौतुकाने शिंप्याच्या हातात ठेवल्या. वाचता वाचता शिंप्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय झालं?”

“इथे लिहिलंय... नाक नळीला लावा आणि जीव सोडा.”

मूळ सूचना ‘श्वास सोडा’ अशी होती. भाऊसाहेब संतापले. असला गलथानपणा! शिंप्याने हात जोडले. “साहेब, कागद नको. मशीन द्या. मी चालवतो, मला मशीन कळतं.” पण चुकीच्या भाषांतरावर एखाद्याची बोळवण करणं भाऊसाहेबांच्या रक्तात नव्हतं. “तुमच्या भाषेच्या बाबतीत तडजोड नाही,” त्यांनी मोठ्याने, तोडून तोडून सांगितलं, आणि सूचना दुरुस्तीला पाठवल्या. शिंपी पायऱ्या उतरून गेला.

दोन दिवसांनी भाऊसाहेब जेवायला बसले, तर खालून आवाज नाही. त्यांना बरं वाटलं.

“बघ,” ते बायकोला म्हणाले, “खोकला थांबला. आमच्या कक्षाने मनावर घेतलं की गुण येतोच.”

बायकोने हातातला डाव खाली ठेवला.

“अहो, ती गेली. सकाळीच नेलं तिला. मी खिडकीतून बघत होते.”

“आणि खाली नाही गेलीस?”

“काय बोलणार होते? त्यांची भाषा कुठे येते आपल्याला?”

भाऊसाहेबांना रडू आलं. ते ताटावरून उठले. माणूस मनाने वाईट नव्हता, हे आधी सांगितलंच आहे. दुसऱ्या दिवशी दुरुस्त सूचना आल्या, त्यांत एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती. त्या मशीनवर ठेवून भाऊसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि दिवंगत महिलेस श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं. एका भाषेत पाळली तर बाकीच्यांवर अन्याय झाला असता, म्हणून आधी आपल्या आणि मग त्या अकराही भाषांत पाळली. पाळून झाली की कक्षाच्या वतीने ती त्या त्या भाषेत समाप्त झाल्याचं जाहीर करण्यात येई. कुठेही अर्थाचा अनर्थ झाला नाही.

फक्त तुमच्या-आमच्या भाषेतली शांतता समाप्त झाल्याचं जाहीर करायचं राहून गेलं. ती आपण अजून पाळतो आहोत, आणि फार सुंदर पाळतो आहोत.