डॉ. क्वाम्बोका धीरदान समिती

डॉ. क्वाम्बोका न्यांगाऊ यांनी नऊ फेब्रुवारीच्या सकाळी चहाबरोबर दुसरा मांदाझी नको म्हटले, ही बाब प्रथम त्यांच्या मातोश्रींच्या निदर्शनास आली. मांदाझी ताजा होता, गोड होता आणि तेलात चांगला फुगला होता. दोष मांदाझीत नव्हता. तो लेकीच्या मनःस्थितीत असावा, असा निष्कर्ष मातोश्रींनी काढला आणि कुंपणापलीकडच्या थोरल्या दिरांना, न्यामवेयाकाकांना, हाक मारली.

क्वाम्बोकाने केळीच्या मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींवर डॉक्टरेट मिळवली, त्याला सात वर्षे झाली होती. या सात वर्षांत तिने एकेचाळीस जागांसाठी अर्ज केले. प्रत्येक अर्जाच्या दहा प्रती, सोबत चारित्र्याचा दाखला, कर भरत असल्याचा दाखला आणि भ्रष्ट नसल्याचा दाखला. भ्रष्ट व्हायला आधी बुडाखाली एखादी खुर्ची लागते, हे दाखला मागणाऱ्यांना सांगणार कोण? दाखले सहा महिन्यांत शिळे होतात आणि विद्यापीठे नेमकी सातव्या महिन्यात जाहिरात काढतात. एकेचाळीसपैकी एकाचेही उत्तर आले नव्हते. नकारही आला नव्हता. नकार आला असता तर निदान कोणीतरी लिफाफा फोडला एवढे तरी कळले असते.

आता आमच्या गुसी डोंगरांत माणूस मरो, लग्न करो, नाहीतर परदेशी शिकायला जावो, आधी समिती बनते. समितीशिवाय मेलेला माणूस आम्ही पुरता मेला असे धरत नाही. त्यामुळे शनिवारी न्यामवेयाकाकांच्या ॲव्होकाडोच्या झाडाखाली मांडव पडला, प्लॅस्टिकच्या साठ खुर्च्या आल्या, प्रार्थना झाली आणि डॉ. क्वाम्बोका धीरदान समिती रीतसर अस्तित्वात आली. न्यामवेयाकाका हे निवृत्त सहायक चीफ, म्हणजे गावचे सरकारी कारभारी. निवृत्त होताना त्यांनी सरकारला सगळे परत केले, शिक्का सोडून. तेव्हा अध्यक्ष तेच. सचिव झाले प्राथमिक शाळेचे ओंडिएकी गुरुजी, कारण त्यांचे अक्षर चांगले होते. चहापानाची जबाबदारी मातोश्रींकडे आली.

"मला दोन शब्द बोलायचे आहेत," क्वाम्बोका उभी राहून म्हणाली.

"खाली बस पोरी," काका म्हणाले. "तू विषय आहेस. सदस्य नाहीस."

"पण काका, मी खचलेबिचले नाही. पोट भरलं होतं म्हणून नको म्हटलं."

"लिहा गुरुजी," काका मायेने म्हणाले. "आजार मान्य करत नाही. म्हणजे बराच पुढे गेलाय."

समितीने पाळ्या लावल्या. रोज दुपारी चार वाजता एक पथक क्वाम्बोकाला धीर द्यायला येई. कोणी केळी आणी, कोणी बायबलमधला उतारा आणी, कोणी आपल्या मेव्हण्याची गोष्ट आणी, जो नऊ वर्षे बेकार होता आणि दहाव्या वर्षी वारला. धीर देऊन पथकाला भूक लागे. मग क्वाम्बोकाने चहा टाकायचा, मक्याच्या पिठाची उगाली रांधायची, भांडी घासायची आणि सगळ्यांचे आभार मानायचे. सकाळी ती गावच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून उभी असे, दुपारनंतर धीर घेई. अर्ज लिहायला वेळच उरला नाही. बेचाळिसावा अर्ज तिने गोठ्यात, गाईच्या आडोशाला बसून लिहिला. हे गुरुजींना कळले. त्यांनी इतिवृत्तात नोंद केली: 'विषय गोठ्यात एकटाच आढळला. लक्ष ठेवावे.'

समितीची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. डोंगरापलीकडचे लोक आपापले डॉक्टर घेऊन येऊ लागले. एकाकडे इतिहासातला होता, एकाकडे गणितातला, एका म्हातारीने तर दोन्ही जुळे आणले. कोणालाही परत पाठवले नाही. एप्रिलमध्ये मटाटू गाड्यांच्या थांब्याजवळ समितीचे कार्यालय उघडले. मेमध्ये टी-शर्ट निघाले. त्यावर क्वाम्बोकाचा फोटो होता, दहावीच्या परीक्षेत ताप असताना काढलेला, आणि खाली लिहिले होते: 'क्वाम्बोका, आम्ही आहोत!' क्वाम्बोका बाजारात गेली, तर मोटारसायकलवाल्याने तिला न्याहाळून गाडीच बंद केली.

"ताई, तुम्ही त्याच ना, छातीवरच्या? रडू नका हं."

"मी रडत नाहीये."

"सगळे हेच म्हणतात," तो म्हणाला आणि त्यानेच डोळे पुसले.

काम वाढले तसा समितीला पूर्णवेळ कार्यकारी अधिकारी हवासा झाला. वर्तमानपत्रात जाहिरात आली. डॉक्टरेट आवश्यक, खचण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव, अर्जाच्या दहा प्रती. क्वाम्बोकाने जाहिरात दोनदा वाचली. जगात एखादी जागा आपल्यासाठीच काढली असेल तर ती हीच, असे तिला सात वर्षांत पहिल्यांदा वाटले. तिने अर्ज केला. मुलाखतीला टेबलापलीकडे काका बसले होते, टाय लावून.

"परिचय द्या."

"काका, मी क्वाम्बोका."

"काका बाहेर. इथे अध्यक्ष. खचण्याचा अनुभव किती?"

"सात वर्षं."

"पुरावा?"

"तुमच्या टी-शर्टवर मी आहे!"

"टी-शर्ट ग्राह्य नाही. आमच्या समितीचं प्रमाणपत्र लागतं."

"मग द्या की."

"उमेदवाराला समितीनं प्रमाणपत्र दिलं तर तो पक्षपात होईल, बाई. एवढी शिकलीस, एवढं कळत नाही?"

जागा मिळाली नैरोबीच्या प्राध्यापक मुटिंडांना. त्यांच्याकडे आधीच दोन विद्यापीठांतल्या नोकऱ्या होत्या. "चेहऱ्यावर समाधान कसं आहे बघ त्यांच्या," काका घरी आल्यावर समजूत घालू लागले. "धीर देणारा माणूस असाच हवा. तुझ्याकडे बघून उलट लोक घाबरतील." त्या संध्याकाळी मात्र क्वाम्बोका खरोखरच खचली. ती न जेवता झोपली. पण तोवर समितीपुढे पंच्याऐंशी प्रकरणे झाली होती आणि तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

आणि जुलैत पत्र आले. गोठ्यातल्या अर्जाला. खोऱ्याच्या टोकाला नव्याने निघालेल्या एका विद्यापीठात क्वाम्बोकाची अधिव्याख्याता म्हणून निवड झाली होती. सोमवारी सकाळी आठ वाजता हजर व्हावे, न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवारास जाईल. क्वाम्बोकाने पत्र आईच्या हातात दिले. आईला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हते, पण लेकीचा चेहरा तिने वाचला आणि अंगणात उभी राहून अशी किलकारी घातली की चहाच्या मळ्यातल्या बायकांनीही साद दिली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सात वर्षे ज्या मुलीने नोकरी नसल्याबद्दल डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते, ती नोकरी लागल्यावर ढसाढसा रडली.

तिसऱ्या किलकारीपर्यंत काका येऊन पोहोचले. त्यांनी पत्र वाचले, उलटून पाहिले, आणि ते मटकन खाली बसले.

"ऑगस्टमध्ये परिषद आहे," ते म्हणाले.

शनिवारी तातडीची सभा भरली. प्राध्यापक मुटिंडांनी परिस्थितीचे गांभीर्य विशद केले. समितीत सात कर्मचारी आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या खचलेल्यांची पहिली परिषद तीन आठवड्यांवर आली आहे. पाच देशांचे पाहुणे येणार आहेत ते क्वाम्बोका बघायला. "पहिल्या रांगेत त्यांना नोकरदार बाई दाखवली," ते म्हणाले, "तर आपल्या शब्दाला किंमत काय राहील?"

"तीन आठवड्यांचाच तर प्रश्न," गुरुजींनी दुजोरा दिला.

"सोमवारी गेले नाही तर जागा जाते, गुरुजी!"

"पोरी, नोकऱ्या काय, येतात," काका म्हणाले.

"काका, सात वर्षांत एक आली."

"बघ! म्हणजे येतात."

सभेत हशा पिकला. काका पुढे हळवे झाले. "या माणसांनी सहा महिने तुझ्यासाठी घसा कोरडा केला. तुझी केळी, तुझे उतारे, तुझी प्रार्थना. आणि तू एका कागदासाठी या सगळ्यांना उघड्यावर टाकून निघालीस? आज यांना धीर कोणी द्यायचा?" साठ चेहरे तिच्याकडे बघत होते आणि त्यातले पंधरावीस खरोखरच पडले होते. ही माणसे वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती.

काकांनी ठराव मांडला की विषयाने परिषद संपेपर्यंत रुजू होऊ नये. हरकत असल्यास हात वर करावा. मागच्या बाजूला क्वाम्बोकाच्या आईने हात वर केला. हातात किटली होती, म्हणून तिघांनी पेले पुढे केले आणि गुरुजींनी चहाची दुसरी फेरी अशी नोंद घेतली. आईने किटली खाली ठेवून दुसरा हात वर करेपर्यंत सभा अनुमोदनाकडे वळली होती.

ठरावाला अनुमोदक मिळेना. साठ माणसे खाली बघत होती. एवढ्या चांगल्या पोरीच्या पोटावर पाय देताना आपले नाव कागदावर यावे, असे कोणालाच वाटत नव्हते. क्वाम्बोका उभी होती, पत्र छातीशी धरून, आणि तिला वाटू लागले होते की आता कोणीतरी उठेल, खुर्ची सरकवेल, आणि म्हणेल, जा गं, सोमवारी आठला हजर हो.

तेवढ्यात कोणीतरी "अरेरे" म्हणाले.

गुरुजींनी मान वर करून आवाज कुठून आला ते पाहिले. तो मांडवातून आला नव्हता, तुमच्याकडून आला होता. तुम्ही इतका वेळ वाचत बसला होतात, हळहळत होतात, उठला मात्र नाहीत. 'अनुमोदक: वाचक. ठराव सर्वानुमते मंजूर,' असे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले आणि काकांनी शिक्का मारला.