दांडगे काकांचा कोरा चहा

नोकरीला लागून मला जेमतेम महिना झाला होता. दुपारी टेबलाशी काम करत होते, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतला एक उंच, काटकुळा माणूस कपात कोरा चहा घेऊन आला. डोक्यावरची उन्हाची टोपी काढून त्यानं काखेत धरली, कप माझ्यापुढे ठेवला, खुर्ची ओढली आणि बसला. बोलेना. नुसता फरशीकडे पाहत राहिला. बसण्याची ही पद्धत मी फुलंब्रीत लहानपणापासून पाहिलेली आहे. कुणाच्या घरी माणूस गेलं की गावातले लोक असेच येऊन बसतात. घरचा फोन येऊन गेलाय का, ते मी आधी पाहिलं. आई नाही, वडील घरी एकटेच असतात.

"काका, काय झालं?"

"गेली," तो म्हणाला. "लई हाका मारल्या. आतून उत्तरच नाय."

"कोण गेली?"

"तुझी प्रोसेस."

हे आमचे रंगनाथ दांडगे. मूळचे पिशोरचे. आडनाव दांडगे आणि अंगात वाऱ्यावर उडेल इतकंच मांस. सगळं ऑफिस त्यांना काका म्हणतं, मालकसुद्धा. त्या दिवशी मला हसावं की चिडावं ते कळेना. मी चहाचा घोट घेतला, तर त्यात साखर नव्हती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे चहा घेऊन जातात, हे ठाऊक होतं. पण तो बिनसाखरेचा असावा हा कायदा काकांचा स्वतःचा.

आता ही प्रोसेस कोण आणि ती मरते कशी, हे सांगायला हवं. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी कंपनी आहे. कारखान्यातल्या पट्ट्यावरून सुटे भाग सरकत जातात, आमचा कॅमेरा एकेकाचा फोटो काढतो आणि आमचा कॉम्प्युटर तो भाग चांगला की खराब ते सांगतो. त्यासाठी माझ्यासारखे लोक प्रोग्राम लिहितात. चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणायचं. फोटो तपासायला आकडेमोड फार लागते. ती मुख्य प्रोसेसरलाही येते, पण त्याला वेळ लागतो. म्हणून कॉम्प्युटरमध्ये एक वेगळं कार्ड बसवलेलं असतं. ते हीच आकडेमोड चुटकीसरशी करतं. फक्त ते तापतं, आणि कधी कधी काम करता करता मुकं होतं. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिमनं काय करावं, एवढ्या एकाच प्रश्नावर दांडगे काकांची सगळी हयात गेली.

मला त्यांनी हे त्याच आठवड्यात समजावलं. कार्ड म्हणजे जावई, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या हौसेनं आणलेला, कामाला वाघ, पण मानपान फार. त्याला गार वारा लागतो, वेगळी वायर लागते. असा जावई ऐन कार्यात गप्प बसला तर? आधी थोडं थांबायचं, घास मोठा असेल. मग हाक मारायची. ओ देत नसेल, तर ज्याच्या कामात तो अडकलाय त्या पाहुण्याला उठवायचं, म्हणजे ती प्रोसेस बंद करायची. मग जावयाच्या तोंडावर पाणी मारून त्याला उभं करायचं. याला रीसेट म्हणतात. आणि इथंच लोक चुकतात, असं काका बोट उगारून सांगत. शुद्धीवर आलेल्या माणसाला कुणी लगेच पंगत वाढायला लावतं का? आधी त्याला एक सोपं काम द्यावं, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं. ते जमलं तर पुढचं. नाही जमलं तर मानानं ओसरीवर बसवावं आणि घरच्यांनी, म्हणजे मुख्य प्रोसेसरनं, हळूहळू का होईना, काम ओढावं.

"जावई रुसला म्हून लगीन थांबत नाय." हे त्यांचं पालुपद.

आणखी एक नियम होता. बेशुद्ध पडण्याआधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कार्ड कधी कधी उठल्यावर देतं. ते घ्यायचं नाही. ते भलत्याच फोटोचं असतं. उशिरा आलेलं उत्तर काका दारातूनच परत पाठवत.

इतर कुठल्याही ऑफिसात प्रोसेस मेली की पडद्यावर एक लाल ओळ येते आणि विषय संपतो. आमच्याकडे काका येत. त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला की हार्डवेअरच्या टेबलावरून नदीमभाई मान वर न करता म्हणत, "दांडगे साब पुरसा देने निकले." म्हणजे सांत्वनाला निघाले. काका रागवत नसत. त्यांचं बसून झालं की उठत, टोपी घालत आणि जाता जाता नदीमभाईंना कुठला पंखा नीट फिरत नाही ते सांगून जात.

"हे पडलं तर?" हा प्रश्न त्यांना कुठंही पडे. ऑफिसात एकदा नान-खलियाची, म्हणजे तंदुरी नान आणि मटणाच्या रश्शाची, पंगत होती. काका थेट आचाऱ्याकडे गेले आणि तंदूर ऐन वेळी विझला तर काय योजना आहे ते विचारू लागले. आचारी म्हणाला की तंदूर त्याच्या आजोबांपासून विझलेला नाही. काका पिशवीत ज्वारीच्या भाकरी घेऊन आलेच होते. तंदूर काही विझला नाही, नान गरमागरम आले, पण आणलेलं अन्न वाया घालवायचं नाही म्हणून काकांनी खलिया भाकरीशीच खाल्ला. वर म्हणाले की योजना यशस्वी झाली.

दर गुरुवारी त्यांची पाडापाडी असे. चालत्या मशीनच्या कार्डाची वायर उपटायची, वारा बंद करायचा, खोटी चूक घुसवायची आणि ऑपरेटिंग सिस्टिम कशी सावरते ते बघत बसायचं. आम्ही सगळे गुरुवारी पंधरा वेळा काम सेव्ह करत असू. त्यांच्या स्कूटरलासुद्धा कायम दोन हेल्मेटं. एक डोक्यावर, एक बाजूच्या कडीला. मात्र ते दुसरं लहान होतं, काकांच्या डोक्यात बसणारं नव्हतं. काकांच्या सगळ्या योजनांत तेवढीच एक मला फसलेली वाटे.

मग चितेगावचं काम आलं. तिथल्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकच्या पट्ट्या बनतात. त्या तपासायला आमची यंत्रणा घ्यायची की नाही, हे एका चाचणीवर ठरणार होतं. मालकांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, आम्हाला स्पष्ट सांगितलं: हे काम मिळालं नाही तर कॅमेऱ्याचा विभाग बंद, ज्यांना जमेल त्यांनी पुण्याच्या ऑफिसात चला. मी रोज फुलंब्रीहून बसनं येऊन-जाऊन करते. पुणं म्हणजे वडिलांना एकटं सोडणं. ते म्हणाले असते, जा बाई, माझं काय. पण रात्री औषधाची गोळी घेतली का हे विचारायलासुद्धा घरात कुणी उरलं नसतं. माझी झोप उडाली होती.

चाचणीच्या आधी भाऊंचं आणि काकांचं वाजलं. रीसेटनंतरची ती सोपी परीक्षा काढून टाका, असं भाऊंचं म्हणणं. तेवढा वेळ पट्टा थांबतो, गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही. काका म्हणाले, ती काढायची तर मला पण काढा. भाऊंनी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी भाऊंचंच पटलं होतं.

एप्रिलचं ऊन, वर पत्रे, खाली भट्टीसारखं तापलेलं कारखान्याचं आवार. चाचणी छान सुरू झाली आणि तासाभरानं कार्ड मुकं झालं. पडद्यावर लाल ओळ आली, माझी प्रोसेस सर्वांसमोर मेली. पट्टा थांबला. सिस्टिमनं कार्ड रीसेट केलं, ते उठलं, हिरवा दिवा लागला. भाऊंनी सुस्कारा सोडला. मग काकांच्या परीक्षेची पाळी आली. सिस्टिमनं कार्डाला आमच्या रोजच्या ओळखीचा, चक्क मधोमध तडा गेलेल्या पट्टीचा फोटो दाखवला.

कार्ड म्हणालं, चांगली आहे.

पुन्हा दाखवला. पुन्हा चांगली. कार्ड उठलं होतं, दिवा हिरवा होता, पण ते शुद्धीवर नव्हतं. सिस्टिमनं त्याला बाजूला काढलं आणि काम मुख्य प्रोसेसरकडे दिलं. पट्टा सुरू झाला, पण बैलगाडीच्या चालीनं. तिथं गुणवत्ता तपासणीच्या प्रमुख एक बाई होत्या. हे एवढं हळू का चाललंय, त्यांनी विचारलं. भाऊ विजेच्या दाबाबद्दल काहीतरी सांगू लागले, तेवढ्यात काका पुढे झाले.

"मॅडम, कार्ड पडलंय. उठलं, पर खोटं बोलायलंय, म्हून त्याला बसवलं. आता घरचे काम करत्यात. हळू व्हईन. पर चुकीचं व्हनार नाय."

बाईंनी भंगाराच्या ट्रेमधून तडा गेलेली एक पट्टी उचलली आणि स्वतःच्या हातानं पट्ट्यावर ठेवली. ती सरकत सरकत कॅमेऱ्याखाली गेली. माझ्या डोळ्यांपुढे वडिलांची खाट. लाल दिवा लागला आणि पट्टी बाजूला ढकलली गेली. बाईंनी आणखी दोन ठेवल्या. दोन्ही बाहेर.

"हळू चालेल," त्या म्हणाल्या. "हे ब्रेक लोकांच्या गाडीला लागतात."

काम मिळालं. विभाग राहिला. मी आजही फुलंब्रीहून येते, आणि रात्री वडिलांना गोळी मीच देते. त्याबद्दल दांडगे काकांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळे भाऊंभोवती जमले होते. मी एका कोपऱ्यात टेकले, तर काका आले. टोपी काखेत, हातात कोरा चहा. कप ठेवला, बसले, फरशीकडे पाहू लागले. मला हसू आवरेना. म्हटलं, काका, आज तर आपण जिंकलो, आज कशाला?

"जिंकलो ते खरं. पर तुझी गेलीच ना."

"पण काका, प्रोसेस ती. परत सुरू करता येते. तिच्यासाठी तुम्ही असं काहून बसता?"

काकांनी सांगितलं, तेही कपाकडे बघत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांची बायको गेली. सुमनकाकू. दवाखान्यातून काकांना एकट्यालाच घरी पाठवलं. गल्लीतल्या लोकांनी खिडक्यांतून हात जोडले. त्यांचं तरी काय चुकलं, काळच तसा होता.

"फोन लई आले," काका म्हणाले. "दिवसभर फोन. पर बसलं कुनी नाय, माय. कुनी जवळ येऊन बसलं नाय तर मानूस गेलंय असं वाटतच नाय. मी चार दिस दोघांचा चहा ठेवला." त्यांनी टोपीची कड सारखी केली. "तवापासून ठरवलं. कुनाचं काय का जाईना, आपुन जाऊन बसायचं."

मी तो कडू चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

पुढच्या रविवारी सकाळी नदीमभाई आणि मी सिडकोतल्या त्यांच्या घरी गेलो. नदीमभाईंच्या हातात थर्मास होता, आत कोरा चहा, बिनसाखरेचा. काकांनी दार उघडलं. आम्हा दोघांना पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"कुनाची गेली?"

"कुणाची नाही," मी म्हणाले. "काकूंसाठी आलोय. उशीर झाला काका, फार उशीर झाला."

काका दारात तसेच उभे राहिले. त्यांच्या मागे खुंटीला ते लहान हेल्मेट टांगलेलं होतं, पुसून लख्ख केलेलं, कडेला निळी फुलं. नदीमभाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि काखेत धरली.

"उशिरा आलेलं उत्तर आपुन घेत नाय," काका म्हणाले. मग दारातून बाजूला सरले. "पर या. आत या."

आम्ही आत गेलो आणि बसलो. नदीमभाईंनी तीन कप भरले. थोड्या वेळानं काका उठले, आतून चौथा कप घेऊन आले आणि नदीमभाईंपुढे धरला.