निघालोच!

त्याला ऑफिसात सगळे 'शॉर्टकट' म्हणत. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून काम करणारा माणूस, पण बोटांना कष्ट नकोत. रोजच्या एकेका कामाला त्याने एकेक कळ नेमून दिली होती. त्या दिवशी बायकोचा नंबर लागला. कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की तिला मेसेज जाणार: 'निघालोच!'

गंमत म्हणजे आज तो खरंच निघणार होता. घरी नवं कपाट येणार होतं, आणि ते मावेल असा कोपरा एकच, त्याच्या टेबलाचा. बायकोने सकाळीच बजावलं होतं, "सहाच्या आत आलास तर तुझं टेबल तू म्हणशील तिथे ठेवू. नाहीतर मी म्हणेन तिथे."

पाच वाजता त्याने नवी कळ दाबून पाहिली. मेसेज गेला. स्वारी खूश! आता दिवसाचं काम साहेबांकडे पाठवलं की सुटला. त्याने हुकूम टाइप करून एंटर मारलं. काम जागचं हललं नाही, बायकोला मात्र आणखी एक 'निघालोच!' गेलं.

पुन्हा एंटर, पुन्हा 'निघालोच!' खिडकी बंद करून दुसरी उघडली, तर सेटिंग तेच आणि रोगही तोच. कळ रद्द करायचा हुकूम त्याला तोंडपाठ होता, पण तो चालवायलाही एंटरच लागत होतं. बायकोला फोन करून खरं सांगायची छाती होईना. शेवटी चिडून तो एंटर नुसतं बडवत सुटला.

आवाजाने वैतागून शेजारच्या टेबलावरची सहकारी उठून आली. "कंट्रोल-एम कशाला घेतलंस बाबा? या खिडकीला ते आणि एंटर एकच."

"मग आधी नाही का सांगायचं!"

"विचारलंस कधी?" तिने सेटिंगची फाइल माउसने साध्या एडिटरमध्ये उघडली, ती ओळ खोडली आणि नवी खिडकी उघडून दिली. पहिल्याच एंटरला काम गेलं. तोवर सात वाजले होते.

तो धापा टाकत घरी पोहोचला. कोपऱ्यात कपाट ऐटीत उभं होतं.

"अगं, मी सारखा कळवत होतो ना!"

"मिळाले की. तेवीस." बायको कपड्यांच्या घड्या कपाटात रचत म्हणाली, "तुझ्या एका 'निघालोच'ला मी एक तास धरते. त्या हिशेबाने तू उद्या दुपारी येणार होतास. हमाल तेवढे थांबेनात."

"आणि माझं टेबल?"

"दारापाशी ठेवलंय. तुला निघायला बरं."