माप बरोबर, मुलं चुकीची

मंगळवारी दुपारी चोवीस मुलंमुली गणवेशाची मापं द्यायला टेलरमास्तरांच्या दुकानात आली आणि दुकान चिडीचूप झालं. तीस वर्षांच्या धंद्यात मास्तरांनी असा चमत्कार पाहिला नव्हता. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांची मापं घ्यायची म्हणजे एकाला बगलेत गुदगुल्या व्हायच्या, दुसरा श्वास कोंडून छाती फुगवायचा, तिसरा मागच्याला कोपर मारायचा. आज मात्र जो तो हातातल्या फोनमध्ये बघत गुमान उभा. मास्तर टेप खांद्यावरून सोडायचे, पाठीवर टेकवायचे, छातीभोवती फिरवायचे, तरी ज्याचं माप चाललंय त्याला पत्ताच नसायचा. "झालं, पुढचा," म्हटलं की तो वर न बघताच बाजूला सरकायचा.

"लोक उगाच फोनला नावं ठेवतात," मास्तर बायकोला म्हणाले. दुकानातलं काज-बटणाचं काम तिच्याकडे असे. "चोवीस मापं तासाभरात! एकानं हूं की चूं केलं नाही."

चोविसावं माप त्यांच्या स्वतःच्या मुलीचं होतं. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. आता ती शाळेतून आली की पलंगाच्या एकाच कोपऱ्यात चार-चार तास फोन घेऊन बसे, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. शनिवारी वीस शाळांची संचलनाची स्पर्धा होती आणि पथकाच्या पुढे चालायचा मान खारूला मिळाला होता. तो मान टिकेल की नाही हा मात्र प्रश्नच होता. "मान खाली घालून चालणारी पथकप्रमुख मी जन्मात पाहिली नाही," असं कवायतीचे सर तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते. शनिवारपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर पुढे दुसरी मुलगी उभी राहणार होती.

मापांची वही चाळताना बायकोचा हात थबकला. "अहो, हे काय? पाठ साडेसतरा आणि पुढची उंची पंधरा? सगळ्यांचंच असं?"

"मग? टेप काय खोटं बोलतो?"

"पाठ एवढी मोठी आणि पोट एवढंसं?"

"नवी पिढी आहे. घडण वेगळी."

"घडण वेगळी म्हणजे? हाडं बदलली की काय?"

"तू काजं कर," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कापडावर खडू ओढला.

गुरुवारी दुपारी चोवीस शर्टांचं गाठोडं घेऊन मास्तर शाळेच्या मैदानावर गेले. मुलांनी शर्ट घातले, पँटीत खोचले आणि सर येईपर्यंत रांगेत उभ्या उभ्या फोन काढले. शर्ट असे बसले होते की मास्तरांना स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं. पाठीवर सुरकुती नाही, पुढे झोळ नाही. सरही खूश झाले.

"वा, मास्तर! अंगावरच शिवल्यासारखे वाटतात!"

"आपलं काम असंच असतं, सर," मास्तर म्हणाले.

सरांनी फोन खिशात ठेवायला लावले, शिट्टी फुंकली आणि आरोळी दिली, "सावधान!"

चोवीस पाठी एकदम सरळ झाल्या. चोवीस शर्ट पुढून पँटीतून सुटले आणि वर चढले, मागे प्रत्येकाच्या कमरेवर कापडाचं बोचकं जमलं. पथकातला सगळ्यात बुटका मुलगा, ज्याला सगळे लिंबू म्हणत, त्यानं छाती जरा जास्तच काढली होती. त्याचं बटण उडालं आणि सरांच्या शिट्टीवर टिंग करून आपटलं.

"विश्राम!" सर ओरडले. मुलं सवयीनं पुन्हा पुढे झुकली आणि शर्ट मुकाट्यानं जागेवर आले.

सरांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. "सावधान!" शर्ट वर. "विश्राम!" शर्ट खाली. कुंपणापलीकडून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. रांगेपुढे उभी असलेली खारू लाजेनं लालबुंद झाली होती.

"मास्तर, हे काय शिवून आणलंत?"

"माप बरोबर आहे, सर!" मास्तरांनी खिशातून वही काढून नाचवली. "पाठ बघा, उंची बघा, एक दोरा इकडचा तिकडे नाही. माप बरोबर आहे, तुमची मुलं चुकीची आहेत!"

"माझी? त्यात एक तुमचीही आहे! आणि दोन दिवसांत मुलं कुठून बदलून आणू? शर्ट बदला."

मास्तर पुढे काहीतरी बोलणार होते, पण त्यांची नजर रांगेकडे गेली. विश्राममध्ये उभ्या मुलांच्या हातात आता फोन नव्हते, तरी चोवीस माना खालीच होत्या, खांदे पुढे आले होते आणि बोटं रिकाम्या हवेत किंचित वाकलेली होती. मंगळवारी दुकानात अशीच तर उभी होती सगळी. आपण मुलांचं नाही, फोन बघणाऱ्या मुलांचं माप घेतलंय, हे मास्तरांच्या तेव्हा डोक्यात शिरलं.

त्यांनी टेप गळ्यात टाकला. "शाळेच्या भिंतीला लागा सगळे. टाचा, पाठ आणि डोकं, तिन्ही टेकलं पाहिजे."

खारू पहिली उभी राहिली आणि मास्तरांनी ती होती तशीच तिच्या उंचीची खडूची रेघ भिंतीवर मारली. टाचा टेकल्या, पाठ टेकली, पण डोकं काही टेकेना. मास्तरांनी तिचं डोकं आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला. चार बोटं आडवी सहज आत गेली.

"मान दुखते?" त्यांनी विचारलं.

"सहामाहीपासून दुखतेय, बाबा. डोकंपण दुखतं. सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं खरं. 'अभ्यासाला बस, आपोआप थांबेल,' असं उत्तर मास्तरांनीच दिलं होतं. नंतर आईनं तिला डॉक्टरांना दाखवलं होतं, पण त्यांनी लिहून दिलेल्या व्यायामाचा कागद घरात फ्रिजवर नुसता लावलेला होता आणि आजवर त्याकडे कुणीही ढुंकून पाहिलं नव्हतं. रोज शंभर माणसांच्या पाठीवरून टेप फिरवणाऱ्या बापाला पोरीची पाठ दिसली नाही, याचं मास्तरांना फार वाईट वाटलं.

"हळूहळू मागे ने. घाई नको," ते म्हणाले. खारूनं दात आवळून हनुवटी आत घेतली आणि तिसऱ्या प्रयत्नाला डोकं टेकलं. मास्तरांनी भिंतीवर खडूची दुसरी रेघ मारली. पहिल्या रेघेपेक्षा ती दीड इंच वर निघाली.

"मी वाढले?"

"वाढली नाहीस. होतीसच तेवढी."

मग काय विचारता! चोवीसही जण भिंतीशी झोंबायला लागले. लिंबू तर दोनदा रांगेत घुसला. "सर, सव्वा इंच! मी सव्वा इंच उंच आहे!" असं ओरडत तो सरांभोवती पळत सुटला. मास्तरांनी व्यायामाचा कागद घरून मागवला आणि सरांनी त्या दिवसापासून सरावाची सुरुवात भिंतीपाशी करायची ठरवलं.

शर्टांचं मात्र अजून व्हायचं होतं. मास्तरांची एक जुनी सवय कामी आली. वाढत्या अंगाची मुलं म्हणून त्यांनी खालच्या दुमडीत तीन-तीन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली होती. पुढून ती माया सोडवायची आणि मागचं जास्तीचं कापड चिमटीत घेऊन शिवायचं, एवढंच काम. एवढंच, पण चोवीस वेळा. शुक्रवारी सकाळी दुकान उघडल्यापासून नवरा-बायको मशीनवरून उठले नाहीत.

"कापडात तेवढी माया सोडलीत," बायको टाके उसवता उसवता म्हणाली, "पोरीनं मान दुखते म्हटलं तेव्हा मात्र कात्री चालवलीत."

मास्तरांनी मान्य केलं. मशीनच्या आवाजात मान्य केलं, पण केलं.

"आणि उद्या ही मुलं पुन्हा फोनमध्ये डोकं खुपसून बसली तर? पथकांना चार-चार तास थांबावं लागतं. पाळी येईपर्यंत पुन्हा सगळ्यांचं धनुष्य होईल."

"त्याची व्यवस्था केली आहे," मास्तर म्हणाले.

ती व्यवस्था संध्याकाळी शर्ट वाटताना कळली. मास्तरांनी चेहरा गंभीर केला. "नीट ऐका. घाईत काम झालंय. पाठीत सगळ्यांना कच्चा टाका आहे. ताठ राहिलात तर काही होणार नाही. वाकलात की टर्र! कॉलरपासून कमरेपर्यंत. आणि तिथे वीस शाळांची मुलं फोन घेऊन बसलेली असतील. पुढचं मी सांगायला नको."

चोवीस चेहरे पांढरेफटक पडले. आपली फाटकी पाठ शहरभरच्या फोनमध्ये फिरतेय, गाणं लावून फिरतेय, हे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. सरांच्या वर्षभराच्या ओरडण्यानं जे झालं नव्हतं ते तिथल्या तिथे झालं.

शनिवारी तंबूत एकोणीस शाळांची पथकं जमिनीवर बसून, भिंतीला रेलून, एकमेकांच्या मांडीवर डोकं टाकून फोन बघत होती. विसावं पथक खुर्च्यांवर ताठ बसलं होतं. बुटाची नाडी सुटली तर गुडघ्यावर बसून, पाठ सरळ ठेवून बांधत होतं. लिंबूला शिंक आली तीसुद्धा त्यानं आकाशाकडे बघून दिली. फोन बघायचा तर डोळ्यांसमोर हात लांबवून धरावा लागे. पाच मिनिटांत दंड भरून यायचे, मग फोन खिशात जायचे. तासाभरानं कुणीतरी गप्पा सुरू केल्या आणि बघता बघता सगळे खिदळायला लागले.

इतर पथकं मान चोळत, पाय झाडत मैदानात उतरली. हे पथक उतरलं तेव्हा परीक्षकांनी चष्मे सारखे केले. पुढे खारू चालत होती, हनुवटी वर, नजर समोर. तिच्या आरोळीबरोबर चोवीस टाचा एकत्र वाजत होत्या आणि एकाही शर्टाला सुरकुती पडत नव्हती. प्रेक्षकांत मास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि बायको त्यांना सदरा ओढून खाली बसवत होती.

पहिला क्रमांक जाहीर झाला. पदक द्यायला आलेले पाहुणे वयस्कर होते आणि उंचीनं बेताचे. रिबन दोन्ही हातांत धरून ते खारूसमोर आले.

"बाळ, मान जरा खाली कर."

खारू जागची हलली नाही. "नाही करता येत, सर."

"का गं? दुखतेय का?"

"थोडी दुखते. पण ते कारण नाही."

पाहुण्यांनी टाचा उंचावल्या, तरी रिबन तिच्या कपाळाशीच अडली. इकडे बायकोनं मास्तरांना ढोसलं. "अहो, ओरडून सांगा तिला, नाही फाटत म्हणून! पाठीला दुहेरी टीप मारलीय, माझ्यासमोर मारलीत!"

"आज नाही," मास्तर म्हणाले.

शेवटी कवायतीचे सर खुर्ची घेऊन धावत आले. पाहुणे खुर्चीवर चढले आणि त्यांनी खारूच्या गळ्यात पदक घातलं. मैदान टाळ्यांनी दणाणलं. पाहुणेही हसत होते. कुणाच्या गळ्यात पदक घालायला आपण आजवर खुर्चीवर चढलो नव्हतो, असं त्यांनी माईकवरून सांगितलं.

पदक घेऊन खारू आईबाबांकडे आली तेव्हा मास्तरांना राहवेना. "खारू, एक सांगायचं होतं. त्या शर्टाला कच्चा टाका नाही. मी आपलं..."

"माहीत आहे, बाबा. काल घरी गेल्या गेल्या मी वाकून बघितलं."

"मग पोरांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर जिंकलो असतो का?"

"आणि मघाशी? एवढे मोठे पाहुणे पुढे उभे होते. थोडी मान वाकवली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"काही नाही," खारू म्हणाली. "पण सहा महिने वाकवलीच होती ना. आज नाही वाटलं वाकवावंसं."